दुकानाचा हिसाब चोख, घराचा मात्र अंधारात

आटपाडीच्या पेठेत कोणत्याही कापड दुकानदाराला विचारा, सुटिंगचे किती थान शिल्लक आहेत, इचलकरंजीच्या पेढीचे देणे किती, कोणत्या गावच्या बस्त्याची बाकी थकली आहे; तो वही न उघडता सांगेल. त्यालाच विचारा, घरखर्च महिन्याला किती? "चाललंय अल्लाच्या मेहेरबानीने" एवढेच उत्तर मिळेल. मेहेरबानी आहेच, पण आकडा कुठे आहे?

आमच्या मते हा आळस नव्हे. पहाटेपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर बसणाऱ्याला आळशी कसे म्हणावे? ही धास्ती आहे, आणि ती माणदेशाच्या पावसाने शिकवली आहे. येथे गिऱ्हाइकाच्या हाती पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. शनिवारच्या बाजारात मेंढरू विकले, डाळिंबाची गाडी गेली किंवा गलाईवाला परमुलखातून सणाला गावी आला, की उधारी चुकते होते. १९७२ चा दुष्काळ असो की २०१२-१३ च्या चारा छावण्या, अशा सालात वही उघडून जिवाला घोर लावण्यापेक्षा न पाहिलेले बरे, असे वडीलधाऱ्यांना वाटले असेल तर नवल नाही. पुढे टेंभूचे पाणी आले, बागा वाढल्या. न पाहण्याची सवय मात्र तशीच राहिली.

खरी गोम गल्ल्यात आहे. भाजी गल्ल्यातून, पोराची फी गल्ल्यातून, पाहुण्यांचा आहेर गल्ल्यातून. कीर्दीत 'उचल' म्हणून नोंद झाली तर झाली. आता तर मोबाईलवरून पैसे जातात. नोट हातातून सुटताना जी टोचणी लागायची तीही राहिली नाही. एकट्या मालकीच्या दुकानात कायदा दुकान आणि घर वेगळे मानत नाही, दुकानाचे देणे घरावरही येते. म्हणून घरखर्चाचा एक आकडा ठरवून पहिल्या तारखेला एकदाच उचल करावी आणि मग महिनाभर गल्ल्याला घरासाठी हात लावू नये. पहिले दोन-तीन महिने आकडा चुकेल. चुकू द्यावा, कारण किती चुकला हे तरी कळेल.

जकातीच्या बाबतीत हा प्रश्न नुसता व्यवहाराचा राहत नाही. अडीच टक्के सर्वांना पाठ आहे, पण कशाचे अडीच टक्के? रमजानमध्ये अंदाजाने एक रक्कम काढून मोकळे होणारे आमच्या पाहण्यात कमी नाहीत. दुकानातला माल आजच्या विक्रीच्या भावाने, रोकड, बँकेतली शिल्लक, वसूल होण्याजोगी उधारी, घरातले सोने-चांदी, आणि त्यातून आपले देणे वजा, एवढे मांडल्याशिवाय हिसाब होत नाही. शिवाय चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान. जो मार्चअखेरच्या ताळेबंदावरून जकात काढतो त्याने अडीच नव्हे, सुमारे २.५८ टक्के धरावे, असे जाणकार सांगतात. बुडीत वाटणाऱ्या उधारीचे काय करायचे ते आलिमांना विचारावे. पण त्यांना विचारण्यासाठी आधी यादी तर हवी! आणि यादी करताना तारखाही पाहाव्यात. मालाच्या उधारीचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. त्या मुदतीत गिऱ्हाइकाने बाकी कबूल असल्याची सही दिली, तर मुदत नव्याने सुरू होते.

काही बांधव पासबुकच उघडत नाहीत. म्हणतात, त्यात व्याज जमा होते, बघायला नको. हा युक्तिवाद आम्हाला कधीच समजला नाही. जी रक्कम बाजूला काढायची ती किती, हे पासबुक न पाहता कसे कळणार?

आमच्या पिढीची आणखी एक अडचण आहे. शिक्षण उर्दू शाळेत झाले, त्यामुळे खासगी टिपण उर्दूत; दिवाणजीची कीर्द मराठीत; जीएसटीचे कागद इंग्रजीत. तिन्ही कागद एकत्र वाचू शकेल असा माणूस घरात एकही नसतो. मालक अचानक गेला तर बेवा आणि मुले काय वाचणार? वारसांची वाटणी कर्ज फेडल्यानंतर होते, आणि बायकोचा राहिलेला मेहर हेही कर्जच. देवघेव लिहून ठेवण्याबद्दलची सूरह बकराची आयत ही कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे, हे आम्ही सारे लहानपणापासून ऐकत आलो.

म्हणून एक कागद असावा, घरात सर्वांना वाचता येईल अशा लिपीत: कोणाला देणे, कोणाकडून येणे, कोणत्या बँकेत काय. बँकेची ठेव बँकेगणिक पाच लाखांपर्यंत विम्याने सुरक्षित आहे. २०१९ साली पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ही हद्द एक लाख होती, ती फेब्रुवारी २०२० मध्ये वाढली. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही, आणि आमच्याकडे पैसा पतसंस्थेत ठेवण्याची रीत मोठी. खात्यावर वारसनोंद आहे का तेही पाहावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार नावे लावता येतात. मात्र नोंदलेला माणूस रक्कम स्वीकारणारा असतो, मालक नव्हे. वाटणी शरीअतप्रमाणेच होते, आणि त्यात मुलींचा हिस्साही येतो. हे नोंदलेल्या भावाला त्याच्या बहिणींसमोर बसवून हयातीतच सांगितलेले बरे.