अंतराचा भुर्दंड कोणी सोसायचा?

पश्चिम वेल्समधील ग्रामीण भागाच्या रुग्णालयांतील तातडीचे व नियोजित उपचार नार्बर्थ आणि सेंट क्लिअर्स यांच्या दरम्यान एकाच अद्ययावत रुग्णालयात एकवटण्याची योजना तेथील आरोग्य मंडळाने 2018 मध्ये पुढे आणली. तज्ज्ञ विखुरलेले, इमारती जुन्या. म्हणून एकत्रीकरण हाच उपाय, असा तिचा युक्तिवाद. तो सर्वस्वी खोटा नाही. ब्रिटिश राष्ट्रीय आरोग्यसेवेचे शिल्पकार, वेल्सच्या खाणकामगारांतून आलेले समाजवादी नेते अन्युरिन बेव्हन यांनीही 1946 मध्ये जिव्हाळ्याच्या लहान रुग्णालयापेक्षा कार्यक्षम मोठे रुग्णालयच पसंत केले होते. मात्र तेथे वेळेत पोहोचता येईल, हे त्यात गृहीत होते.

हॅव्हरफर्डवेस्टची तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालील प्रसूतिसेवा 2014 मध्ये कारमार्दनला हलविण्यात आली. सुमारे 50 किलोमीटरची वाट गर्भवतीच्या वाट्याला आली. मंडळाच्या हिशेबात जी बचत, तीच कष्टकऱ्याच्या घरी प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी होते. उपचार विनामूल्य असले, तरी अंतर विनामूल्य नसते.

आमचा विरोध आधुनिकतेला नाही, उलट्या क्रमाला आहे. आधी रुग्णवाहिका, बससेवा आणि जवळचा अपघात-कक्ष यांची हमी द्या. मगच जुने दार लावा. 1948 मध्ये ज्या सेवेने रुग्णाच्या दारातली पैशाची अट काढून टाकली, तिनेच आता अंतराची अट घालावी, हे समाजवाद्यांनी मुकाट्याने पाहता कामा नये.