कार्डाचा ताप उतरवताना

गेल्या मे महिन्यात आमचा भाचा संगणकाचा डबा रिक्षात घालून आमच्याकडे घेऊन आला. लग्नाचे व्हिडिओ एडिट करून देणे हा त्याचा व्यवसाय. पत्र्याची खोली, कडक ऊन आणि दहा लग्नांचे काम अंगावर. "मामू, मामी, दुपारी रेंडरला लावलं की पंखा मिक्सरसारखा ओरडतो, आणि काम मात्र निम्म्या वेगानं होतं," असे तो सांगत होता. ग्राफिक्स कार्ड जुने, हातबदलाचे होते. नवे घ्यायचे तर सीझनची निम्मी कमाई त्यात गेली असती. म्हणून बाहेरचा मोठा कूलर बसवायचे ठरले.

वेग कमी होण्याचे कारण साधे आहे. चिप ठरावीक मर्यादेपर्यंत तापली की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. एएमडीने 2013 च्या ऑक्टोबरमध्ये आर9 290एक्स हे कार्ड आणले, तेव्हा 95 अंश सेल्सियसपर्यंत चालणे ही त्याची नेहमीची रीत असल्याचे कंपनीनेच सांगितले होते. त्याचा मूळचा पंखा मोठा आवाज करी. म्हणून हौशी लोकांनी तो उतरवून आर्क्टिक कंपनीचा ॲक्सेलेरो एक्स्ट्रीम 3 बसवला. त्यात 92 मिलिमीटरचे तीन पंखे. रायजिनटेकच्या मॉर्फियसमध्ये उष्णता वाहून नेणाऱ्या बारा नळ्या, मात्र पंखे आपले आपण घ्यायचे. तत्त्व दोन्हीकडे एकच: धातूच्या पात्यांचा पसारा मोठा असला की पंखा हळू फिरूनही भागते.

पण वाचकहो, खर्च करण्याआधी स्वस्तातला उपाय करून पाहा. आम्ही आधी कार्डातली धूळ काढली आणि चिपवरची वाळून खडू झालेली पेस्ट बदलली. तापमान 94 वरून 87 वर आले. तुमचे काम एवढ्यावर भागत असेल तर पुढचे वाचून सोडून द्या. भाच्याचे भागले नाही.

कूलर मागवण्याआधी तीन मापे घ्यावीत. चिपभोवतीच्या चार भोकांमधले अंतर, डब्यात कार्डासाठी असलेली लांबी, आणि जाडी. मोठा कूलर शेजारच्या दोन खाचांची जागा सहज अडवतो. कार्डाची वॉरंटी शिल्लक असेल तर तीही जाऊ शकते, हे धरून चालावे.

उघडताना वीज पूर्ण बंद करावी आणि डब्याच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. कार्ड थोडे कोमट असताना जुना कूलर लवकर सुटतो. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करावेत. कूलर चिकटून बसला असेल तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नये, हलकेच डावीउजवीकडे फिरवावा. पंख्याची बारीक वायर ओढून तुटणार नाही याकडेही लक्ष असावे. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. नेलपॉलिश रिमूव्हर मुळीच नको.

आता आमची चूक. आमचे सगळे लक्ष मधल्या मोठ्या चिपवर. तिच्याभोवती मेमरीच्या चिपा असतात आणि एका कडेला वीज पुरवणारे छोटे भाग असतात. मूळ कूलरचा पत्रा त्यांनाही गार ठेवत असतो. तो निघाला की त्या प्रत्येकावर धातूचे छोटे तुकडे स्वतंत्र चिकटवावे लागतात. आम्ही ते घाईत, वरचा तेलकटपणा न पुसताच, चिकटपट्टीने लावले. संगणक सुरू झाला, पडद्यावर 66 अंश दिसले. भाच्याने मामीच्या तोंडात पेढा घातला.

वीस मिनिटांनी पडदा काळा झाला. डबा उघडला तर वीज पुरवणाऱ्या भागांवरचे दोन तुकडे गळून तळाशी पडलेले. ते भाग तापले आणि कार्डाने स्वतःच काम थांबवले. तुकडा पडताना उघड्या जोडांना चिकटला असता तर शॉर्ट होऊन कार्डच गेले असते. पेढा आमच्या घशात अडकला म्हणायचा!

गोम अशी, की बऱ्याच कार्डांत पडद्यावर मोठ्या चिपचेच तापमान दिसते. बाजूच्या छोट्यांची तक्रार कुठे नोंदवली जात नाही, आणि सगळी वीज मात्र त्यांच्यातूनच जाते.

दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा केले. प्रत्येक भाग पुसला, तुकडे आधी नुसते ठेवून पाहिले, शेजारच्या भागाला कोणता टेकत नाही ना याची खात्री केली. मग दोन नळ्यांतला उष्णतावाहक गोंद कालवून लावला आणि रात्रभर हात लावला नाही. मोठ्या चिपवर पेस्टचा पातळ थर चारही कोपऱ्यांपर्यंत पसरला, कारण ग्राफिक्स चिपवर प्रोसेसरसारखे धातूचे झाकण नसते. कोरडा राहिलेला कोपरा जास्त तापतो. स्क्रू पुन्हा आडवेतिडवे, बेताने आवळले. उघडी चिप जास्त दाबाने तडकते.

दोन गोष्टी राहिल्या. नवा कूलर जड, कार्ड वाकते, म्हणून त्याला खालून टेकू दिला. आणि मूळचा पंखा गरम हवा डब्याबाहेर फेकत होता, नवे पंखे ती आतच सोडतात. त्यासाठी डब्याला हवा आत घेणारा एक आणि बाहेर काढणारा एक असे दोन पंखे बसवले. तरीही कोणताच पंखा चिपला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली तर चिपही जवळपास तेवढीच तापणार. म्हणून भाच्याने टेबल पत्र्याखालून हलवून खिडकीपाशी नेले. आता भर दुपारी 70 च्या आसपास आकडा राहतो आणि खोलीत अजान ऐकू येते.

सीझन संपल्यावर त्याने विचारले, "मामू, पुढे हे कार्ड विकायचं झालं तर?" गोंदाने चिकटलेले तुकडे निघत नाहीत, ओढले तर चिपही उपटून येते. म्हणजे कार्ड पहिल्यासारखे होणे नाही. आम्ही काही बोलण्याआधीच आपा म्हणाल्या, "उघडून दाखव, काय काय केलंस ते सांग, मगच पैसे घे. हजार कमी आले तरी चालतील. ऐब झाकून विकलेला माल घरात बरकत आणत नाही."

आम्हाला त्यात भर घालण्यासारखे काही उरले नव्हते.