झाकण उघडल्याशिवाय पैसे देऊ नका!

रीलवर एखादा मुलगा जुन्या कीबोर्डच्या डब्याला टीव्ही जोडतो, काळ्या पडद्यावर अक्षरं उमटतात आणि खाली कमेंट्सचा पाऊस पडतो, ‘भावा, कुठे मिळेल?’ तुम्हीही हा प्रश्न विचारला असेल तर आजचं हे पान तुमच्यासाठी. जुना होम कम्प्युटर घेऊ नका, असं मी अजिबात सांगणार नाही. डोळे मिटून घेऊ नका, एवढंच सांगायचंय. कारण मी तसा घेतला आणि दहा सेकंदांत मारूनही टाकला!

माझं घर खंडाळ्याचं. आमच्याकडे बंगले भरपूर, पण त्यातले कितीतरी वर्षातले बहुतेक दिवस कुलूपबंद. मालक मुंबईत असतात, पावसाळ्यानंतर येऊन साफसफाई काढतात आणि मग माळ्यावरच्या वस्तू भंगाराच्या टेम्पोत जातात. अशाच एका साफसफाईत शेजारच्या काकांकडे मला झेडएक्स स्पेक्ट्रम दिसला. सोबत पाच कॅसेट्स. अॅडॉप्टर मात्र हरवलेला. काकांनी २,००० रुपये सांगितले, मी लगेच दिले. घरी वायफायच्या राउटरचा ९ व्होल्टचा अॅडॉप्टर होता, पिन नीट बसली, बटण दाबलं आणि संपलं! स्पेक्ट्रमला मधली पिन निगेटिव्ह लागते. आजच्या बहुतेक अॅडॉप्टरची मधली पिन पॉझिटिव्ह असते. व्होल्ट बरोबर होते, दिशा उलटी होती. चूक माझीच.

हे यंत्र आहे तरी काय? स्पेक्ट्रम १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये आला. पडदा नाही, घरातलाच टीव्ही जोडायचा. डिस्क नाही, प्रोग्रॅम कॅसेटवर. मोठ्या मॉडेलची मेमरी ४८ केबी. घरच्या ग्रुपवर येणारा ‘गुड मॉर्निंग’चा फोटोसुद्धा याहून मोठा असतो! १९८६ पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावाने त्याची परवाना घेतलेली भारतीय आवृत्ती विकली. शाळांमध्ये दुसरंच यंत्र पोचलं होतं. १९८४ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला आणि त्यातून बीबीसी मायक्रो शाळांत गेले. परदेशातून नातेवाइकांनी आणलेले कमोडोर ६४ हा तिसरा प्रकार. म्हणजे ही यंत्रं आपल्याकडे आहेत. फक्त ती माळ्यावर, गोदामात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी मांडलेल्या ढिगात आहेत.

आता घेताना काय बघायचं?

पहिली गोष्ट, ‘चालू आहे, फक्त टीव्ही नाहीये दाखवायला’ याचा अर्थ ‘बंद आहे’ असाच धरा. चालू मशिनचा भाव चालू स्थितीत दाखवल्यावरच. चालू म्हणजे काय, हेही पाठ करून जा. स्पेक्ट्रम ठीक असेल तर पडद्याच्या तळाशी १९८२ सालची सिन्क्लेअर रिसर्चची ओळ येते. नुसते रंगीत चौकोन दिसले तर मेमरी किंवा आणखी काही बिघडलंय. कमोडोर ६४ सुरू होताना ३८९११ बाइट्स मोकळ्या असल्याचं सांगतो. बीबीसी मायक्रो सुरू होताना दोन स्वरांत ‘बीऽऽ-बीप’ करतो. एकच स्वर लांबत राहिला, तर तो अडकलाय.

दुसरी गोष्ट, वीज. मूळ अॅडॉप्टर मिळाला तरी त्यावर आंधळा विश्वास नको. कमोडोर ६४ चा जुना पॉवर सप्लाय बिघडला की ५ व्होल्टच्या जागी जास्त व्होल्टेज देऊ लागतो आणि आतल्या चिप जाळतो. म्हणून आधी मल्टिमीटर, मग मशिन. बीबीसी मायक्रोचा पॉवर सप्लाय आतच असतो. त्यातले जुने कपॅसिटर वर्षानुवर्षं पडून तडकतात आणि वीज मिळताच जळक्या वासाचा धूर सोडतात. ते आधीच बदलून घ्या. मल्टिमीटर नसेल तर तपकीर गल्लीत घ्या, कोणत्याही जुन्या कम्प्युटरपेक्षा स्वस्त मिळतो.

तिसरी गोष्ट म्हणजे ओल, आणि ही खास आपल्या भागासाठी. खंडाळा-लोणावळ्याचा पाऊस तुम्ही भुशी डॅमवर बघता, आम्ही तो कपाटातल्या कपड्यांवर बघतो. चार महिने बंद खोलीत राहिलेल्या यंत्राचं काय होत असेल? म्हणून झाकण उघडायला सांगा. स्क्रू चारपाचच असतात. हिरवट-पांढरी बुरशी, गंजलेले सॉकेट, सोल्डरवरचे डाग, उंदराच्या लेंड्या, सगळं तिथेच दिसतं. विकणारा उघडू देत नसेल तर नमस्कार करून निघा. बाहेरून पिवळं पडलेलं प्लॅस्टिक मात्र मनावर घेऊ नका, ते म्हातारपण आहे, आजार नव्हे.

चौथी गोष्ट, कीबोर्ड. स्पेक्ट्रमच्या बटणांखाली पातळ प्लॅस्टिकचा पडदा असतो. त्याची पट्टी कालांतराने ठिसूळ होते आणि झाकण ओढून काढलं की तुटते. नवीन पडदे तयार मिळतात, पण तो खर्च भावातून वजा करायला विसरू नका.

पाचवी गोष्ट, टीव्ही. स्पेक्ट्रमचं चित्र अँटेनाच्या सॉकेटमधून, यूएचएफच्या ३६ नंबरच्या चॅनेलवर येतं. नव्या टीव्हीवर ते मिळेलच असं नाही. आजीच्या खोलीतला जुना डबा-टीव्ही अजून असेल तर तो जपा. पण त्याचं झाकण कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही आत जीवघेणा विद्युतभार उरतो. आणि अमेरिकेतून आलेलं यंत्र असेल तर ते ११० व्होल्टचं आणि एनटीएससी चित्राचं आहे, हे लक्षात ठेवा.

हे सगळं वाचून दमलात? मग फुकटचा मार्ग आहे. स्पेक्ट्रमसाठी ‘फ्यूज’ आणि कमोडोरसाठी ‘व्हाइस’ हे एम्युलेटर लॅपटॉपवर चालतात. महिनाभर त्यावर बेसिकमध्ये प्रोग्रॅम लिहून बघा. महिन्यानंतरही हात शिवशिवत असतील तर खुशाल घ्या. आठवड्यात कंटाळलात तर पैसे वाचले, आणि एक यंत्र तुमच्या शेल्फवर धूळ खात पडण्यापासूनही वाचलं.

आता पैशापलीकडचं. बंद बंगल्यातली वस्तू राखणदाराने ‘घेऊन जा ताई, कोण विचारतंय’ म्हणून दिली, तर ती घ्यायची का? माझं उत्तर, नाही. मालकाला एक फोन लावा. शाळेच्या कपाटातला बीबीसी मायक्रो शिपाईकाकांना विकता येत नाही, तो आधी निर्लेखित व्हावा लागतो. स्वस्तात मिळालं म्हणून ते आपलं होत नाही. शिवाय अशा सौद्यात गोत्यात येतो तो कमी पगाराचा माणूस, आपण नाही.

आणि कॅसेट्स. विकणारे त्या बहुतेकदा वेगळ्या काढून फेकतात, घेणारेही मागत नाहीत. माझा स्पेक्ट्रम मेल्यावर माझ्याकडे फक्त त्या पाच कॅसेट्स उरल्या. टेपरेकॉर्डरवरून आवाज लॅपटॉपमध्ये घेतला आणि एम्युलेटरला ऐकवला. चार विकतचे गेम निघाले. पाचवीवर पेनाने नुसतं ‘पाढे’ लिहिलेलं होतं. प्रोग्रॅम सुरू झाला, त्याने नाव विचारलं, मग पाढे विचारायला लागला. उत्तर चुकलं की पडद्यावर यायचं, ‘आईला सांगेन’. काकांना लॅपटॉप नेऊन दाखवला. त्यांच्या मुलाने शाळेत असताना ते लिहिलं होतं. तो आता परदेशात असतो. काकांनी सतराचा पाढा तीनदा चुकवला, मुद्दाम. मशिन मी जाळलं हे तेव्हाच त्यांना सांगून टाकलं. ते म्हणाले, “अगं, ते दुकानातून आणलं होतं. हे त्याने केलं होतं.”

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जुना कम्प्युटर शोभेसाठी घेऊ नका, चालवण्यासाठी घ्या, उघडून बघण्यासाठी घ्या. घेताना कॅसेट्स, वह्या, हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या मागा आणि त्यांची प्रत काढून मूळ घरी परत द्या. स्पेक्ट्रम जगात लाखोंनी विकले गेले, तुम्हाला दुसरा मिळेल. त्या मुलाचे पाढे मात्र एकाच कॅसेटवर होते.

माझा स्पेक्ट्रम अजून टेबलावर उघडा पडलाय. एक ट्रान्झिस्टर आणि मेमरीच्या काही चिप बदलाव्या लागतील, सोल्डरिंग शिकतेय. तोपर्यंत तुम्ही एक करा. या रविवारी घरच्या माळ्यावर चढा. आणि काही सापडलं, तर कृपा करून लगेच प्लग लावू नका!