गाडीचे वाटप म्हणजेच पगाराचे वाटप



संघटनेच्या कामानिमित्त आम्ही नुकतेच बंगळूरला गेलो होतो. सभा आटोपल्यावर महादेवपुऱ्यात जाणे झाले. हा भाग आता संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारतींमुळे ओळखला जातो. पण त्याच रस्त्याने पुढे गेले की व्हाइटफील्डला रेल्वेचा मालधक्का आणि कंटेनर डेपो लागतो. मालगाडीने आलेला कंटेनर उचलून उघड्या ट्रेलरवर ठेवला की आपले काम संपते आणि ट्रेलर चालकाचे सुरू होते. त्या फाटकापलीकडे आपल्यापैकी किती जणांनी कधी डोकावून पाहिले आहे?

चहाच्या टपरीवर अक्कलकोटकडचा एक चालक भेटला. मराठी ऐकून जवळ आला. दोन दिवस गाडीवाचून बसला होता. म्हणाला, "काका, आमचा पगार मालक ठरवत नाही, सुपरवायझर ठरवतो. कुठली गाडी आणि कुठली फेरी, यातच सगळं आलं."

त्याने हिशेब समजावून सांगितला. बांधील पगार थोडा, खरी कमाई फेरीवर. डेपो ते कारखाना अशी जवळची फेरी मिळाली तर रात्री घरी झोपता येते. पण गर्दीच्या वेळी शहरात अवजड गाड्यांना बंदी असते. ट्रेलर तासन्‌तास रस्त्याकडेला उभा राहतो आणि त्या तासांचा पैसा नाही. चेन्नई बंदराची फेरी मिळाली तर पैसे बरे, पण झोपेचे खोबरे. उद्या यांतले काय वाट्याला येईल, हे सकाळपर्यंत कळत नाही.

गाडीचेही तसेच. जुनी गाडी डिझेल जास्त पिते, पण मालक जुन्या-नव्या गाडीला एकाच मापाने डिझेल देतो. तूट चालकाच्या खिशातून जाते. टायर गुळगुळीत, कंटेनर धरून ठेवणारी लॉक झिजलेली, तरी सही करून गाडी काढायची. नाही म्हटले तर पुढचे चार दिवस नंबर लागत नाही. नवी गाडी मात्र मर्जीतल्या माणसाला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या अवजड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले. चांगलेच झाले! पण ती थंड केबिन कोणाला मिळणार, हेही सुपरवायझरच ठरवणार असेल तर बाकीच्यांना त्याचा काय उपयोग?

आपल्याकडे रनिंग स्टाफला लिंक असते, मेल मोटारच्या चालकाला मार्ग आणि वेळ ठरवून दिलेली असते. हे कोणी दान दिलेले नाही. ऑगस्ट १९७३ मध्ये लोको कर्मचाऱ्यांनी संप केला, तेव्हा कुठे दहा तासांच्या ड्युटीचे आश्वासन मिळाले. मे १९७४ च्या संपात तर हजारोंनी नोकरी पणाला लावली. ड्युटीचे तास आणि विश्रांतीसाठी लोको पायलट आजही झगडत आहेत.

ट्रकचालकांसाठी कायदा नव्हता असे नाही. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, साप्ताहिक सुटी, सारे त्यात लिहिलेले होते. पुढे तो २०२० च्या संहितेत विलीन झाला. पण महादेवपुऱ्याच्या टपरीवर ना जुना कायदा पोहोचला, ना नवी संहिता.

जानेवारी २०२४ मध्ये अपघाताच्या नव्या शिक्षेविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. तेव्हा देशाला चालक आठवला. पण अपघातापूर्वी तो किती तास जागा होता, हा प्रश्न किती जणांनी विचारला?

आपलेच काही सहकारी म्हणतात, "ट्रकवाल्यांनी आपला माल पळवला, त्यांची कड आपण का घ्यायची?" बंधूंनो, माल चालकाने पळवलेला नाही. त्याच्या झोपेची आणि थांबलेल्या तासांची किंमत भाड्यात धरली जात नाही, म्हणून रस्त्याची वाहतूक स्वस्त दिसते. ती किंमत धरा, मग रेल्वेशी तुलना करा. टपालाच्या थैल्याही आता अनेक ठिकाणी ठेक्याच्या गाड्यांतून जातात. आज जे त्याच्या वाट्याला आले आहे, ते उद्या आपल्या दारात येणार आहे.

म्हणून आमच्या मते मागण्या साध्या असाव्यात. फेऱ्यांची यादी आदल्या संध्याकाळी फळ्यावर लागावी आणि पाळीपाळीने फिरावी. नादुरुस्त गाडी नाकारणाऱ्याची पाळी जाऊ नये. डिझेलचे माप प्रत्येक गाडीची चाचणी घेऊन ठरवावे. थांबलेले तास कामाचे तास धरावेत.

मालधक्क्यांजवळच्या आपल्या शाखांनी पुढील बैठकीला दोन ट्रेलर चालकांना बोलवावे आणि आधी त्यांचे ऐकून घ्यावे. मग त्यांची संघटना बांधायला हात द्यावा. आपल्या पहिल्या सभेलाही कोणीतरी बाहेरून येऊन सतरंजी अंथरली होती, हे विसरू नये.