पाणी साठवतो, मग माहिती का नको?

उपग्रह टीव्हीमध्ये येत्या काळात काय काय येणार, याच्या बातम्या शहरी पुरवण्यांत रंगवून छापल्या जातात. त्या वाचून आपल्याकडचा माणूस म्हणतो, ‘आपल्याला काय करायचंय? टीव्ही म्हणजे मालिका आणि पोरांची क्रिकेट मॅच.’ आमचं म्हणणं नेमकं उलटं आहे. टीव्हीवरचा कार्यक्रम साठवून सवडीनं बघण्याची सोय शहरातल्या नोकरदारापेक्षा शेतकऱ्याला जास्त गरजेची आहे, आणि ती मागायची वेळ आत्ताच आहे.

आधी ही सोय काय ते बघू. अमेरिकेत डिश नेटवर्क कंपनीने २०१२ साली ‘हॉपर’ नावाचा बॉक्स आणला. घरात एकच मोठा बॉक्स, त्यात रेकॉर्डिंगसाठी हार्ड डिस्क. बाकी खोल्यांतल्या टीव्हींना ‘जोई’ नावाचे छोटे बॉक्स. कार्यक्रम एकदा साठला की माजघरात अर्धा बघा, उरलेला ओसरीवर बघा. विहिरीवर मोटार एकच, पण पाइपलाइन प्रत्येक वावरात, तसंच हे. त्या पहिल्या बॉक्समध्ये तीन ट्यूनर होते, २०१६ च्या ‘हॉपर ३’ मध्ये सोळा झाले. आपल्या देशातही टाटा स्कायने २००८ मध्ये रेकॉर्डिंगवाला बॉक्स आणला होता. खेड्यात मात्र तो क्वचितच दिसला.

आता आपल्याकडे या. शेतीसाठी टीव्ही ही काही नवी गोष्ट नाही. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीहून ‘कृषिदर्शन’ सुरू झालं, तेही आसपासच्या ८० खेड्यांसाठी. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगात अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत कार्यक्रम दाखवले गेले. आपल्या मराठी मुलखाला ‘आमची माती, आमची माणसं’नं शेतीचा टीव्ही शिकवला. २६ मे २०१५ रोजी तर डीडी किसान हे शेतकऱ्यांसाठीचं स्वतंत्र चॅनलच सुरू झालं. म्हणजे माहितीचा दुष्काळ नव्हता. अडचण होती ती वेळेची.

कार्यक्रमाची वेळ स्टुडिओत ठरते. शेतकऱ्याची वेळ ठरवते लाईट आणि गोठा. रात्रपाळीची लाईट असली की माणूस बॅटरी घेऊन दारं धरायला वावरात. संध्याकाळ म्हणजे धारा आणि डेअरी. घरच्या बाईचं तर विचारूच नका. खुरपणी तिनं करायची, कापूस तिनं वेचायचा, अन् गुलाबी बोंडअळीचा कार्यक्रम लागतो तेव्हा ती चुलीपुढे भाकरी थापत असते. ज्या हाताला अळी पहिली दिसते, त्या हातालाच माहिती नाही, असा हा प्रकार.

यावर कोणी म्हणेल, ‘साहेब, आता सगळं मोबाईलवर आहे की!’ आहे, नाही कोण म्हणतो? पण वाडी-वस्तीवर, डोंगराच्या कुशीत रेंज किती, हे ज्याचं त्याला माहीत. दुसरं म्हणजे मोबाईलवर ज्याच्याकडे विकायला बाटली आहे तो प्रत्येकजण तज्ज्ञ. कृषी विद्यापीठाचा शास्त्रज्ञ आणि टॉनिकचा एजंट तिथे एकाच रांगेत उभे असतात. आणि तिसरं, मोबाईल एकट्याचा, टीव्ही घराचा. कोणतं बियाणं घ्यायचं, फवारणी करायची की थांबायचं, हे घरात म्हातारबा, कर्ता मुलगा आणि सून मिळून ठरवतात. तिघांनी एकच गोष्ट बघितली तर बोलणं जुळतं.

आणि रेकॉर्डिंगसाठी अमेरिकेला जायला नको. दूरदर्शनची फुकट डिश सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली, आज तिला डीडी फ्री डिश म्हणतात. दरमहा पैसे नाहीत. तिच्यासाठी बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच साध्या बॉक्सना पेनड्राईव्ह लावायची जागा असते आणि रिमोटवर रेकॉर्डचं बटण असतं. साध्या चॅनलचं तासाभराचं रेकॉर्डिंग एक ते दीड जीबीत बसतं. म्हणजे ३२ जीबीच्या पेनड्राईव्हमध्ये अर्ध्या-अर्ध्या तासाचे चाळीसेक कार्यक्रम मावतील. कितीतरी घरांत हे बटण कधी दाबलेलंच नाही.

अडचणी आहेत, त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एक ट्यूनर असला की रेकॉर्डिंग चालू असताना दुसरं चॅनल लागत नाही. मग शेतीचा कार्यक्रम आणि मालिका यांत भांडण ठरलेलं. वीज नसेल तर रेकॉर्डिंगही नाही. जोराच्या पावसात या उपग्रहाचे संकेत क्षीण होतात आणि पडद्यावर चौकोन पडतात, म्हणजे ऐन खरिपात, गरज असते तेव्हाच घोळ. पैसे भरून घेतलेल्या डिशचं रेकॉर्डिंग बहुधा त्याच बॉक्सवर चालतं, शेजाऱ्याला देता येत नाही.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली आतच उपग्रह ट्यूनर असलेल्या टीव्हीचं मानक काढलं आहे. अशा टीव्हीला डिशची वायर थेट जोडली की फुकट चॅनल दिसतात, वेगळा बॉक्स लागत नाही. चांगली गोष्ट आहे. पण असे टीव्ही गावोगाव येणार असतील तर त्यांत दोन ट्यूनर आणि पेनड्राईव्हवर रेकॉर्डिंग ही सोयही असली पाहिजे. दूरदर्शनने शेतीचा प्रत्येक कार्यक्रम वेगळ्या वेळी दोनदा दाखवावा, आठवड्याचं वेळापत्रक मराठीत आधी द्यावं आणि आपले शेतीचे कार्यक्रम साठवून गावात दाखवायला ग्रामपंचायतींना लेखी परवानगी द्यावी. डीडी किसानचा कारभार बहुतांशी हिंदीत चालतो. मराठी कार्यक्रमांची भर पडली तर दुधात साखर.

अमेरिकेत घरभर रेकॉर्डिंग, तर आपण गावभर करू. ग्रामपंचायतीत टीव्ही आणि इन्व्हर्टर असतो. भाऊसाहेबांनी मनावर घेतलं तर ठरलेला कार्यक्रम तिथे साठेल, आणि बचत गटाच्या बैठकीला किंवा ग्रामसभेआधी अर्धा तास लावता येईल. मध्ये थांबवून ‘हे आपल्या जमिनीत चालेल का?’ असं विचारता येईल. चालू प्रक्षेपणाला प्रश्न विचारता येत नाही, साठवलेल्याला थांबवता येतं. आम्हा कृषी खात्याच्या माणसांनी त्या वेळी तिथे हजर राहिलं पाहिजे. ते आमचं कामच आहे.

एक धोक्याची सूचना मात्र लक्षात ठेवा. साठवलेली माहिती बियाण्यासारखी असते, तिलाही मुदत असते. हवामानाचा सल्ला चार दिवसांनी शिळा. औषधांचं तर त्याहून नाजूक. २०२३ च्या केंद्राच्या आदेशाने डायकोफॉल, डिनोकॅप आणि मिथोमिलवर बंदी आली. त्याआधीच्या कार्यक्रमात यांतलं एखादं नाव ऐकून कोणी दुकानात गेला तर दोष कोणाला द्यायचा? म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगला तारीख लिहा. मशागत, बीजप्रक्रिया, छाटणी, जनावरांचं संगोपन हे ठेवा. फवारणीचा सल्ला दर हंगामात नव्याने तपासून घ्या, जुना पुसून टाका.

पाऊस आपल्या सोयीनं पडत नाही म्हणून आपण शेततळं खोदलं. कार्यक्रमही आपल्या सोयीनं लागत नाहीत. तेव्हा येत्या ग्रामसभेत रस्ता-गटारीच्या विषयांबरोबर हा एक विषय घ्या आणि ठराव करून वर पाठवा. टीव्हीचं पुढचं तंत्र कसं असावं हे मोठ्या शहरात ठरत असेल, पण शेतकऱ्याला काय पाहिजे हे गावानं सांगितल्याशिवाय त्यांना कळायचं कसं?