झाकणाचा सिद्धांत

बंगळूरच्या मारतहळ्ळीत आम्ही मराठी नोकरदार जमलो की राजकारणावर एक सिद्धांत हमखास ऐकू येतो: कम्युनिस्टांनी धर्म आणि राष्ट्राभिमान दाबून ठेवला, म्हणून झाकण उडताच तो उसळला. पोलंड, सर्बिया, रशिया ही उदाहरणं तयारच असतात.

मग चेक प्रजासत्ताक आणि पूर्व जर्मनीत तो का नाही उसळला? दडपशाही तिथेही होती, तरी युरोपातल्या सर्वांत कमी धार्मिक प्रदेशांत आज त्यांची गणना होते. पोलंडमध्ये तर झाकण बसलंच नव्हतं. कम्युनिस्ट राजवट असतानाच १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांच्यासाठी लाखो लोक लोटले. युगोस्लाव्हियासाठी व्येकोस्लाव पेरिका यांचं ‘बाल्कन आयडल्स’ (२००२) वाचावं. क्रोएशियातल्या कॅथलिक चर्चचे भव्य राष्ट्रीय उत्सव १९७५ ते १९८४ या काळात, कम्युनिस्टांच्या डोळ्यांदेखत चालले होते. सर्ब राष्ट्रवाद पेटवणारे मिलोशेविचही कम्युनिस्ट पक्षाचेच पुढारी. रशियात चर्चवर घाला पडला हे मान्य. पण १९३१ साली पाडलेलं मॉस्कोचं कॅथीड्रल पुन्हा उभारण्यात सत्ताधारीच पुढे होते.

इतक्या लांब तरी कशाला जायचं? मुंबईचं गिरणगाव घ्या. कम्युनिस्टांच्या लाल बावट्याच्या भरात चाळीतला गणपती कोणी बंद केला नव्हता. मराठीपण तर डांगे, अमर शेख, अण्णाभाऊ साठे या कम्युनिस्टांनीच संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजवलं. तरीही कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांच्या खुनानंतर परळच्या १९७० च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी हरल्या, शिवसेनेचे वामनराव महाडिक जिंकले.

या पराभवाचं कारण धर्मात नव्हे, संघटनेत शोधावं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली गिरणी कामगारांच्या वतीने बोलणी करण्याचा हक्क काँग्रेसप्रणीत इंटकच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. लाल बावट्यामागे माणसं होती, पण करारावर त्याची सही चालेना. महाराष्ट्र मिळताच संयुक्त महाराष्ट्र समितीही फुटली. नोकरी, दाखला, नळाचं पाणी यांसाठी लोक शिवसेनेच्या शाखेत जाऊ लागले.

बंगळूरातही असंच काहीसं दिसतं. आमच्या शेजारच्या एचएएलसह बंगळूरच्या सरकारी कारखान्यांतले सुमारे सव्वा लाख कामगार १९८०-८१ मध्ये ७७ दिवस संपावर होते. संप फसला. १९८२ साली गोकाक आंदोलनात कन्नड अभिनेते राजकुमार यांच्यामागे शहर रस्त्यावर आलं. त्याची मागणी शाळेतल्या कन्नडच्या स्थानाची होती. संपामुळेच ते झालं, असा माझा दावा नाही. पण कामगार म्हणून हरलेल्याला कन्नडिग म्हणून उभं राहायला जागा मिळाली, एवढं नक्की.

झाकणवाल्यांनी पुढच्या वेळी आधी त्या त्या ठिकाणच्या युनियनचं काय झालं, ते सांगावं.