गणपतीची पाठ

“मावशी, उद्या महाबळेश्वरला चाललोय. वाटेत तासभर वाईला थांबू म्हणतोय. काय काय बघायचं ते पटकन सांग ना.”

भाचीचा हा निरोप रात्री पावणेअकराला आला. ‘वाई’ आणि ‘पटकन’ हे शब्द शेजारी शेजारी बघून माझी आत्या काय म्हणाली असती, याचा विचार करत मी पाच मिनिटं नुसतीच बसून राहिले. आत्या लग्न होऊन वाईच्या गंगापुरीत गेली आणि पन्नास वर्षं तिथून हलली नाही. माझ्या शाळेच्या सगळ्या मे महिन्यांच्या सुट्ट्या तिच्याकडे गेल्या. तिच्या घरात ‘पटकन’ होणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे दुपारी घाटावर पळालेल्या पोरांना पकडून आणणं.

पुण्याहून महाबळेश्वरला जाणारा माणूस वाई कशी बघतो ते मला ठाऊक आहे. सुरूर फाट्याला हायवे सोडायचा, गावात गाडी लावायला जागा शोधण्यात पंधरा मिनिटं घालवायची, ढोल्या गणपतीला हात जोडायचे, घाटावर दोन फोटो काढायचे आणि पसरणीचा घाट चढायला लागायचं. मग अर्ध्या घाटात गाडी थांबवून खाली बघायचं आणि म्हणायचं, “अगंबाई, किती सुंदर दिसतं गं वाई!” जे गाव आत्ताच मागे टाकून आलो, ते पाठमोरं झाल्यावर सुंदर दिसायला लागतं.

मी भाचीला लिहिलं, “तास असेल तर एकच कर. गणपतीची पाठ बघ.”

तिचं उलट उत्तर : “पाठ? गणपतीची पाठ बघू नये म्हणतात ना? दारिद्र्य येतं.”

मीही लहानपणी आत्याला हेच म्हटलं होतं. तिनं उत्तर दिलं होतं, “इतर गणपतींचं मला माहीत नाही. आमच्या गणपतीनं पाठीवरच गाव तोलून धरलंय.” आणि हाताला धरून तिनं मला देवळाच्या मागच्या बाजूला नेलं होतं. मूर्तीची पाठ काही तिथून दिसत नाही, दिसते ती गाभाऱ्याची मागची भिंत. देऊळ १७६२ सालचं, गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेलं. पुढून गेलं की दहा-एक फूट उंचीचा, एकाच दगडातला, ऐसपैस मांडी पसरून बसलेला गणपती दिसतो. तो इतका भरदार आहे की गावानं देवाचं मूळ नाव बाजूला ठेवून त्याला सरळ ‘ढोल्या’ म्हटलं. मागून गेलं की वेगळंच काही दिसतं. ती भिंत सपाट नाही. माशाच्या अंगासारखी निमुळती होत ती पुढे टोकाला आलेली आहे. कृष्णेला पूर आला की वरून येणारा लोंढा त्या टोकावर फुटतो, दुभंगतो आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी निघून जातो. नदीच्या पात्रालगत देऊळ बांधायचं, तर पाण्याशी भांडायचं नाही, त्याला वाट द्यायची, एवढं ज्या कारागिरानं ओळखलं त्याचं नाव कुठं कोरलेलं नाही. आजही धोम धरणातून पाणी सोडलं की देवळाला पाणी लागतं. ओसरलं की गाळ काढतात, धुतात, आणि ढोल्या परत शेंदूर लावून बसतो.

भाची पुरातत्त्वाची नाही, बँकेत आहे. तरी तिनं विचारलं, “आणि दोन तास असतील तर?” म्हणजे मासा गळाला लागला होता.

दोन तास असतील तर शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळ बघावं, १७५७ चं. हेही रास्त्यांचंच, आनंदराव भिकाजींचं. तिथल्या नंदीच्या गळ्यातल्या घंटांची माळ आणि पाठीवरची झूल दगडात अशी काढली आहे की लहानपणी मी त्या घंटा वाजवून बघायचा प्रयत्न केला होता. या रास्त्यांचा उत्कर्ष ज्या सोयरिकीमुळे झाला ती मुलगीही याच घरातली : गोपिकाबाई, नानासाहेब पेशव्यांची बायको. विश्वासराव पानिपतावर १७६१ मध्ये पडले, माधवराव १७७२ मध्ये क्षयानं गेले, नारायणरावांचा १७७३ मध्ये खून झाला. तिन्ही मुलं आईच्या डोळ्यांदेखत. आत्या या देवळात आली की विश्वेश्वराला नमस्कार करून झाल्यावर उगीचच थोडा वेळ तिथं बसायची. “गोपिकाबाईसाठी,” म्हणायची. इतिहासाचं पुस्तक तिनं कधी उघडलं असेल असं वाटत नाही. माहेरच्या गावात मुलीची आठवण कुणीतरी काढावी, इतका साधा तिचा हिशेब होता.

वाईत घाट सात आणि प्रत्येक घाटाची आळी वेगळी : गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. नदीला इथं कुणी कृष्णा नदी म्हणत नाही, कृष्णाबाई म्हणतात, आणि थंडी सरू लागली की या बाईचा उत्सव एकेका घाटावर पाळीपाळीनं होतो. १६५९ मध्ये अफजलखान वाईला तळ देऊन बसला होता. तेव्हा शिवाजीमहाराजांना यश मिळावं म्हणून कृष्णाबाईला नवस बोलला गेला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, असं गावात सांगतात. आळी-आळीची त्यात चुरस असते. मंडप कुणाचा मोठा, कीर्तनकार कुणी चांगला आणला, पंगत कुणाची पहाटेपर्यंत चालली. एका वर्षी शाळा बुडवून मी गेले होते. घाटाच्या पायऱ्यांवर बसून खाल्लेला तो आमटी-भात मला आजही आठवतो, आणि पाठीला लागणारा नदीवरचा गार वाराही. त्या दिवसांत वाईला जाता आलं तर देवळं बघायच्या भानगडीत पडूच नये. पंगतीत बसावं.

एवढं लिहून पाठवलं, तर भाचीचं म्हणणं, “हे सगळं ठीक आहे. पण वाईत म्युझियमसारखं काही नाही का?”

आहे आणि नाही. गावात एक जागा आहे, तिथं तिकीट नाही, गाईड नाही, फोटो काढावा असंही फार काही नाही. प्राज्ञपाठशाळा. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढे ज्यांना केवलानंद सरस्वती म्हणू लागले, त्यांनी १९१६ मध्ये ती काढली. वरवर बघता जुन्या वळणाची संस्कृत पाठशाळा. पण गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा काढून विनोबा १९१७ मध्ये ब्रह्मसूत्रं आणि शांकरभाष्य शिकायला इथंच आले. इथल्याच एका विद्यार्थ्यानं शास्त्रांचाच आधार घेऊन अस्पृश्यता मोडीत काढली आणि देवदास गांधींच्या आंतरजातीय लग्नाचं पौरोहित्य केलं. पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे गेलेला हाच शास्त्री १९५५ मध्ये ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या पुस्तकासाठी साहित्य अकादमीचा मराठीतला पहिला पुरस्कार घेऊन आला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. त्यांना मुंबई-पुण्यात कुठंही राहता आलं असतं. ते वाईत राहिले, आणि ते वाईत राहिले म्हणून मराठी विश्वकोशही वाईतच घडला.

ही गोष्ट मला फार नवलाची वाटते. साऱ्या जगाचं ज्ञान मराठीत आणायचा सरकारी प्रकल्प, आणि त्याचं कार्यालय कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावात! पहिला खंड निघाला १९७६ मध्ये, विसावा २०१५ मध्ये. अणुभट्टीपासून अळंबीपर्यंत कशावरही नोंद हवी असली तर ती तपासून, घासून-पुसून वाईतून बाहेर पडणार. आत्याच्या शेजारी एक गृहस्थ राहायचे, ते विश्वकोशात कामाला होते. संध्याकाळी ओट्यावर बसून ते आम्हा मुलांना विचारायचे, “सांगा, चुंबक आणि लोहचुंबक यांत फरक काय?” आम्ही पळ काढायचो. आत्या म्हणायची, “त्यांच्याकडे आता ‘च’ चाललंय वाटतं.” पुढच्या काही सुट्ट्यांनी ते ‘ज’वर आले, असा आमचा अंदाज होता. गावाचा अभ्यासक्रम अशा रीतीनं ओट्यावरूनच कळायचा.

गणपतीची पाठ बघून झाली की या पाठशाळेच्या दारावरून नुसतं चालत जावं, असं मी भाचीला लिहिलं. शब्दाची कोटी तिच्या लक्षात आली नाही. जाऊ दे.

संध्याकाळ हाताशी असेल तर मेणवली. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा तिथं आहे. गावात जाणारे बहुतेक लोक आधी विचारतात, “‘स्वदेस’चं शूटिंग कुठं झालं?” मला त्याचा राग येत नाही. शाहरुखमुळे का होईना, पण माणसं मेणवलीपर्यंत येतात. तक्रार आहे ती पुढची. वाडा खाजगी मालकीचा आहे, प्रत्येक वेळी उघडा मिळेलच असं नाही. तो बंद दिसला की मंडळी दरवाजासमोर फोटो काढून परततात आणि मागे जायचं विसरतात. वाड्याच्या मागेच तर सगळं आहे! तिथून पायऱ्या उतरत थेट नदीवर जातात. अर्धचंद्रासारखा वळलेला घाट आहे, काठाला महादेवाचं आणि विष्णूचं देऊळ आहे. साडेतीन शहाण्यांतले हे अर्धे शहाणे. तलवार गाजवली नाही म्हणून अर्धे, पण बारभाईनंतरची पेशवाई त्यांनी कागदाच्या आणि हेरांच्या बळावर पेलली. त्या माणसानं विसाव्यासाठी जागा निवडली ती अशी, जिथं मागच्या दारातून चार पायऱ्या उतरलं की पाणी. नाना १८०० मध्ये गेले. त्यांचं दप्तर मेणवलीत राहिलं, आणि पुढे पारसनिसांसारख्या संशोधकांच्या हाती ते लागलं तेव्हा पेशवाईच्या इतिहासाला केवढं तरी साधन मिळालं.

त्या घाटावर एका छोट्या दगडी घुमटीत घंटा टांगलेली आहे. तिच्याजवळ जाऊन नीट बघावं. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, साल १७०७, आणि अंगावर उठावात बाळ येशूला घेतलेली मेरी. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत पोचल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटाही त्यातलीच. विजयचिन्ह म्हणून आणलेली घंटा तिच्या अंगावरची मेरी न घासता, न पुसता तशीच टांगली गेली. आत्या माहेरवाशिणींना ती मुद्दाम दाखवायला न्यायची आणि म्हणायची, “बघ, हिच्याही कडेवर पोर आहे.” तिला मेरी म्हणजे कोण हे सांगायला मी गेले होते, आठवी-नववीतल्या शहाणपणानं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अगं, ते कळलं. पण पोर तर आहे ना?”

आता बाकीचं भराभर सांगते, कारण एव्हाना साडेअकरा वाजून गेले होते आणि भाची ‘टाइप करतेय’ असं नुसतंच दिसत होतं. धोमला नरसिंहाच्या देवळाजवळ महादेवासमोरचा नंदी दगडी कासवावर बसलेला आहे आणि ते कासव कुंडात आहे. कुंडात पाणी असलं तरच ते पोहताना दिसतं, कोरडं असलं की नुसतं बसलेलं. म्हणून पावसाळ्यानंतर जावं. रंगपंचमीला जवळच्या बावधनचं बगाड निघतं. लाकडाचं ते धूड ओढायला बैलांच्या जोड्यांवर जोड्या बदलाव्या लागतात. गर्दीची भीती असेल तर त्या दिवशी वाईचा रस्ताच धरू नये. पसरणी गाव घाटाच्या पायथ्याला आहे. शाहीर साबळे तिथले. ज्यांचा आवाज महाराष्ट्र गीतातून घरोघरी ऐकलाय, त्यांच्या गावावरून आपण गाडीतल्या गाण्यांचा आवाज वाढवून निघून जातो. बाजारात हळद घ्यावी, वाईची हळद पिढ्यान् पिढ्या नावाजलेली. स्ट्रॉबेरी वाईतच मिळत असताना ती घ्यायला वर पाचगणीला रांगेत उभं राहायची गरज नाही, पण हे पुण्या-मुंबईच्या लोकांना पटत नाही, कारण थंड हवेच्या ठिकाणी जाऊन घेतली नाही तर ती स्ट्रॉबेरी नव्हेच.

आत्याचं घर आता राहिलं नाही. तिथं तीन मजल्यांची इमारत आहे, खाली मोबाइलचं दुकान. मी गेले की ते बघायचं टाळते आणि उलट्या अंगानं, गणपतीच्या मागून, गंगापुरीच्या घाटावर जाते. घाट तेवढा तसाच आहे. मात्र पायऱ्यांच्या फटीत अडकलेली निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी तेव्हा नसायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला भाचीचा फोटो आला. ढोल्या गणपती नाही, घाट नाही, कुणाचा हसरा चेहरा नाही. नुसती काळ्या दगडांची, टोकाकडे निमुळती झालेली ओलसर भिंत, आणि तिच्यावर पुराच्या पाण्याची जुनी रेघ. खाली लिहिलं होतं, “मावशी, ही एवढी वर कधी आली असेल?”

मी विचारलं, “तुम्ही अजून वाईतच?”

“हो. हे म्हणतायत मेणवलीला संध्याकाळी ऊन छान पडतं म्हणे. महाबळेश्वरच्या हॉटेलला फोन करून सांगितलंय, जेवायला येत नाही.”